सरांनी माझा आवाज कामाला लावला

मधुकर सरांची साठी आली म्हणून त्यांचे विद्यार्थी पुस्तक काढताहेत. मला म्हणाले, "आजी, तुमी बी लिहा." मी शाळा पाहिली ती दुसरीपर्यंत. पण सरांबद्दल न्हाई कशी म्हणू?

सर पहिल्यांदा आमच्या घरी आले ते सेनगावहून जीपमध्ये दाटीवाटीनं, मांडीवर कॉम्प्युटर घेऊन. लेकरू धरावं तसा धरलेला. मला वाटलं, टीव्ही विकायला आले. म्हटलं, "आमच्याकडं लाइटच टिकत न्हाई, बाबा." सर हसले, "मावशी, आधी पाणी तर द्या!"

मोठ्या शहरात त्यांनी खोलीएवढे कॉम्प्युटर चालवले, कार्डांना भोकं पाडून प्रोग्राम लिहिले. मग हिंगोलीच्या कॉलेजात शिकवायला आले. ध्यास एकच, यंत्रानं मराठी मोठ्यानं वाचावं, ज्यांना दिसत न्हाई त्यांच्यासाठी. आमची नात सुनीता जन्मापासून आंधळी. कुणी धडा वाचून दाखवील तेव्हाच तिचा अभ्यास. मी वाचायची, पण अडखळत. सरांना हे कळलं आणि ते आपणहून आले.

आधी यंत्रात सरांचाच आवाज होता. सुनीता म्हणाली, "सर, तुमी रागावून राहिले असं वाटतंय." सर म्हणाले, "बराबर आहे. मावशी, तुमचा आवाज द्या." मग सुट्टीच्या दिवशी येऊन माझ्याकडून का, की, कू म्हणवून घ्यायचे. अक्षरं जोडून शब्द करायचं काम यंत्राचं. शेजारची गया म्हणे, "काहून वं, म्हातारपणी बाराखडी घोकून राहिली?" मधेच कोंबडा आरवला की सगळं पुन्हा. सर वैतागायचे न्हाईत, म्हणायचे, "त्यांचं होऊ द्या आधी."

सगळं जुळलं त्या दिवशी ओसरीवर बाया जमल्या. सुनीतानं बटणं चाचपून काही लिहिलं आणि यंत्र माझ्या आवाजात म्हणालं, "नारायण."

हे तिच्या आबांचं नाव, म्हणजे माझ्या मालकांचं. उखाण्याशिवाय मी ते कधी तोंडातून काढलेलं न्हाई. पदर तोंडाला लावून म्हटलं, "सर, बंद करा ते! मला न्हाई पाहिजे."

सरांनी तिथल्या तिथं बंद केलं. "मावशी, आवाज तुमचा. तुमी न्हाई म्हणाल तर पुसून टाकतो." केवढी मेहनत त्यांची, पण कपाळावर आठी न्हाई. सुनीताचे मात्र हात बटणांवरच.

मालक खाटेवरून उठले. "नाव तू कुठं घेतलं? लेकरानं घेतलं. नातीनं आज्याचं नाव घेऊ नये, असं कोण म्हणतं?" आणि हळूच, "पुन्यांदा म्हणाय लाव गं, सुनीता."

बाया हसून लोळल्या. मी म्हटलं, "करा चालू, सर."

नंतर सरांच्या विद्यार्थ्यांनी धडेच्या धडे टाइप करून दिले. सुनीता आपल्या हातानं लावायची, हवं तितक्यांदा ऐकायची. दहावी झाली, आता हिंगोलीला कॉलेजात आहे. हा लेख मी सांगितला, तिनं टाइप केला आणि यंत्रानं मला वाचून दाखवला. त्यात "सर, जेवलात का?" असं घातलं होतं, तर हुकूम सोडल्यासारखं वाचलं! सर म्हणतात, प्रश्नाचा सूर अजून जमायचा आहे, त्यावरच काम करून राहिलोय.

म्हणून औंढ्याच्या नागनाथाला सांगितलंय, आमच्या सरांचे कान, डोळे, गुडघे सगळं धड ठेव. त्यांना भरपूर आयुष्य दे. काम अजून अर्ध्यात आहे, आणि सुनीतासारखी लेकरं गावोगाव वाट पाहून राहिलीत.