पडद्यावरचे बाबा

“‘आमचे खास पाहुणे’ असा याचा अर्थ आहे,” मॅडम म्हणाल्या आणि अख्खा हॉल हसला. पडद्यावर माझे बाबा होते.

सिंगापूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते मी. मेडिकल आणि नर्सिंगच्या मुलांना एकत्र बसवून सोशल मीडियावर कसं वागावं, याचा तास चालला होता. कसं वागू नये याचं उदाहरण म्हणून मॅडम एक फेसबुक पोस्ट दाखवत होत्या. मेडिकलच्या एका मुलाने वॉर्डात झोपलेल्या पेशंटचा फोटो टाकलेला. चेहरा मॅडमनी पुसट केलेला. हाताला सलाईन. दंडावर गोंदलेलं ‘जय भीम’.

बाबा गावाहून इथे सिंगापुरात, वुडलँड्सला दादाच्या फ्लॅटवर राहायला आलेले. न्यूमोनिया झाला. आम्ही शिकत होतो त्याच हॉस्पिटलात ॲडमिट मीच केलं होतं.

फोटोखाली मराठीत ओळ होती. ‘सरकारी जावई इथेही पोचले.’ मॅडमना मराठी येत नव्हतं. त्यांनी आधी अर्थ विचारला होता तो पोस्ट टाकणाऱ्यालाच.

तो तीन रांगा पुढे बसला होता. पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये त्याने मला आडनाव विचारलेलं. सांगितलं. त्यानंतर कधी बोलला नाही.

आधी मी मान खाली घातली. खोटं कशाला बोलू? वाटलं, कुणाला कळतंय. गप्प बसावं. तेवढ्यात शेजारच्या मुलीने मोबाईल काढून पडद्याचाच फोटो घेतला. हसत.

मी उभी राहिले.

“मॅडम, ते माझे वडील आहेत. आणि अर्थ तो नाही. आरक्षणावरून आमच्या जातीला देतात ती शिवी आहे.”

“आपण क्लासनंतर बोलू.”

“दाखवलंत सगळ्यांसमोर. बोलणंही सगळ्यांसमोर होऊ दे.”

संध्याकाळी ईस्ट कोस्टच्या महागड्या कॉन्डोमधून त्याच्या आईचा फोन. “अगं, परदेशात आपण मराठी माणसंच एकमेकांना. मूल आहे, चुकलं. करिअर आहे त्याचं.”

“काकू, माझ्या बाबांची तब्येत कशी आहे, विचारलंत?”

मी फोन ठेवला.

कॉलेजच्या ऑफिसातही मला सांगितलं, लेखी तक्रार नको, तुझ्या प्लेसमेंटचा विचार कर. मी बाबांना विचारलं. धाप लागत होती त्यांना. म्हणाले, “लिही. माझं नाव पूर्ण लिही.”

लिहिलं.

त्याला शिक्षा काय? आपल्या चुकीवर एक पान निबंध. तो म्हणे इतका छान उतरला की पुढच्या बॅचला वाचून दाखवला. मुलगा डॉक्टर झाला. माझ्या फाईलवर शेरा पडला, ‘जुळवून घेत नाही’. बाबांची माफी कुणी मागितली नाही.

आज सोशल मीडियाचा तो तास मी घेते. पोरं तसलं काही टाकतात, मी लेखी कळवते. मग पालकांचे गोड फोन येतात, वरिष्ठ समजावतात. मी ऐकून घेते. तक्रार मागे घेत नाही. एकही घेतलेली नाही. घेणार नाही.