बिनलोखंडाचे डबे

प्रयोगशाळेत सगळे त्याला अळीकाका म्हणत आणि त्याला त्याचा राग नव्हता. बावीस वर्षं तो पतंगाच्या अळ्या वाढवत होता. त्यांचं खाणं शिजवायचं, वड्या पाडायच्या, डबे घासायचे. "पोटच्या पोरांना कधी एवढ्या मायेनं भरवलं नाहीत," असा टोमणा बायको मारायची. तो हसून वेळ मारून न्यायचा, कारण बोलणं खरंच होतं.

आता मात्र हसू पार मावळलं होतं. मॅडमची तीन वर्षं पाण्यात जायची वेळ आली होती. त्या अळीच्या रक्तातल्या फेरिटिनवर काम करत. हे प्रथिन अंगात आलेलं जास्तीचं लोखंड स्वतःच्या पोटात कोंडून ठेवतं, म्हणून अळीला ते बाधत नाही. काही डब्यांतल्या खाण्यात लोखंडाचं मीठ घालायचं, काहींत अजिबात नाही आणि दोन्हींकडचं रक्त तपासायचं. रक्त तापवलं की बाकीची बरीचशी प्रथिनं नासक्या दुधासारखी फाटतात, फेरिटिन तेवढं तग धरतं. मग रंग लावला की लोखंड असेल तिथे निळा पट्टा उमटतो. बिनलोखंडाच्या डब्यांचा पट्टा फिका यायला हवा. तो मेला दर वेळी गडद यायचा. नऊ दिवसांत धड निकाल दिला नाही तर मॅडमची जागा जाणार होती आणि किडेघराला कुलूप लागणार होतं.

"माझ्याच हाताला काहीतरी झालंय, काका," मॅडम म्हणाल्या. डोळे रडून सुजलेले. "मीच कुठेतरी माती खातेय."

काकाला ते ऐकवेना. तो किडेघरात गेला आणि वेड्यासारखा एकेक डबा उलटासुलटा करू लागला. पीठ तेच, पाणी तेच. एका बिनलोखंडाच्या डब्याचं झाकण काढताना बोटाला ओल लागली. बोट तांबूस झालं.

प्लास्टिकची जाळी अळ्या कुरतडायच्या, म्हणून त्यानेच हौसेने तारेच्या जाळ्या कापून झाकणांना बसवल्या होत्या. केवढी शाबासकी मिळाली होती! आणि रोज घासून घासून त्यानेच त्यांच्यावरचा मुलामा उडवला होता. खाण्याची वाफ जाळीवर जमायची आणि गंजाचं पाणी थेंब थेंब वड्यांवर पडायचं. काकाच्या मनात आलं, जाळ्या पिशवीत भराव्यात आणि गुपचूप फेकून द्याव्यात. कोणाला कळणार होतं? पण मग ती पोरगी जन्मभर स्वतःच्या हातांना दोष देत बसली असती.

त्याने झाकण मॅडमच्या टेबलावर ठेवलं. "तुमच्या हाताला काही झालेलं नाही, मॅडम. घाण माझ्या जाळीनं केलीय."

मॅडमनी जाळीवरून बोट फिरवलं. पुढचं सांगावं लागलं नाही. तो मान खाली घालून उभा राहिला. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

पण मॅडम ताडकन उठल्या. कितीतरी दिवसांनी चेहरा उजळला होता. "म्हणजे माझं चुकत नव्हतं! काका, आजच जाळ्या बदलू, नवी अंडी लावू. रक्त काढण्याएवढ्या अळ्या कधी होतील?"

बावीस वर्षांत हे उत्तर त्याने शेकडो जणांना दिलं होतं. आज तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर उरलेले नऊ दिवस मोजत राहिला.

"काका, कधी?"

"कितीही लाड केले तरी..." त्याने टेबलावरचं झाकण उचललं. "अठरा दिवस, मॅडम. त्याच्या आत नाही."