सिंधूआत्यानं सारवलेला खड्डा

माझी आत्या सिंधूबाई हिनं आयुष्यात एकच मोठी चूक केली, आणि त्या चुकीचा तिला मरेपर्यंत अभिमान होता. चुका आमच्या घरात बाकीच्यांनीही पुष्कळ केल्या, पण मिरवावी अशी एकही नाही.

डोंगरकड्याच्या शिवारात ओढ्याकाठी पांढऱ्या मातीचं टेकाड होतं. फार पूर्वी तिथं गाव होतं, एवढंच लोकांना ठाऊक. घरांच्या माळवदावर घालायला ती माती चांगली, म्हणून दर उन्हाळ्यात गाड्या भरून नेत. १९४३ साली हैदराबादहून हुकूम आला की टेकाडाला कुणी हात लावायचा नाही. हुकमामागोमाग वसमतचा संतराम आला, जुनी गावं उकरून पाहणारा. त्याला सोनंनाणं नको होतं. इथली माणसं गाव सोडून का गेली, एवढंच त्याला हवं होतं. त्याचा अंदाज होता की पाऊस आटला. पुरानं गाळ येतो, अवर्षणात धूळ साचते, तेव्हा मातीचे थर नीट पाहिले की जुनं हवामान कळतं, असं तो सांगे.

आत्या तिथं माती काढायला जाऊ लागली. आम्ही मेंढरं राखणारे. तिचा नवरा मुंजाजी कळप घेऊन रानोमाळ, आणि ही बाई दोन पुरुष खोल खड्ड्यात बसून खापऱ्या निवडतेय! लोक हसायचे. तिला मात्र त्या खड्ड्याचं वेडच लागलं. बाजारात भेटेल त्या बाईला थांबवून ती हजारो वर्षांपूर्वीच्या चुलीची गोष्ट सांगायची आणि वांगी न घेताच घरी यायची.

मग बातमी आली की हैदराबादच्या खात्याचे बडे साहेब खड्डा बघायला येणार. भिंतीत अवर्षणाचा पुरावा दिसला तर काम चालू, नाही तर बंद. टेकाड पुन्हा गाड्यांच्या हवाली. पंचाईत अशी की खड्ड्याची उभी कापलेली भिंत उन्हानं वाळून सगळी राखाडी झाली होती. संतराम डोळे फाडफाडून बघे, पण त्याला तळचा गाळ सोडून काही दिसेना.

त्या सकाळी संतराम साहेबांना आणायला सडकेवर गेला. आत्यानं भिंतीकडे पाहिलं. हैदराबादचा पाहुणा येणार आणि भिंत अशी उघडी, भेगाळलेली! आमच्याकडे साधा व्याही येणार असला तरी बायका भिंती सारवतात. तिनं दोन पाट्या शेण आणलं, माती कालवली आणि तासाभरात भिंत वरपासून खालपर्यंत गुळगुळीत केली. शिवाय पायथ्याला रांगोळीही घातली.

साहेबांची मोटार टेकाडाखाली थांबली, तसा संतराम पुढे पळत आला. भिंत बघून त्यानं मटकन बसकण मारली.

"सिंधूबाई, हे काय केलंत?"

"सारवलं. पाव्हणे येऊन राह्यले ना?"

"अहो, तेच थर दाखवायचे होते! गेलं सगळं. खड्डा गेला."

तो पोरासारखा रडायला लागला. खड्डा गेला म्हणजे आत्याचं जगच गेलं. तिनं भिंतीवर तळवा ठेवला. वर ठेवला, खाली ठेवला. एके ठिकाणी हाताला गार लागलं, एके ठिकाणी कोरडं. जन्मभर भिंती सारवलेल्या त्या हाताला लगेच कळलं.

"रडू नगा भाऊ. सारवण कदी सारखं वाळत न्हाई, पोटातल्या मातीपरमानं वाळतं. वाळंस्तोवर सायबाला उठू देऊ नगा, बस!"

मग काय! साहेबांना बाभळीखाली बसवून आत्यानं भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. साहेबांना ठसका लागला. ताक दिलं. पुन्हा भाकरी, पुन्हा ठेचा, पुन्हा ताक. साहेब उठायला लागले की ही म्हणे, "आणखी एकच सायेब, तुमाला माझी शपत." पाचव्या पेल्याला साहेब डोळे पुसत तसेच खड्ड्यात उतरले आणि ओरडले, "अरे संतराम, ये तो कमाल है!"

भिंतीवर पट्टे उमटले होते. तळाला गाळ, अजून ओला, काळाभोर. त्यावर चुलींच्या राखेचे फिकट पट्टे. त्यावर दोन बोटं रुंद, खडखडीत वाळलेली पिवळट रेघ.

"धूळ!" संतराम नाचायलाच लागला. "धूळ आहे, साहेब! पाऊस आटला होता!"

"और इसके ऊपर?" साहेबांनी विचारलं. वर पातळ तपकिरी थर होते, एकावर एक, अजून दमट. संतरामला सांगता येईना. आत्यानं सारवण बाजूला करून आतली माती नखानं थोडी खरवडली, चुरगाळली आणि वास घेतला.

"लेंड्या हायेत सायेब. मेंढरं बसायची हितं. जनमभर तुडवल्यात मी, मला वळखंना व्हय?"

साहेबांनी वाकून पाहिलं, बराच वेळ मान हलवली आणि काम चालू ठेवायचा हुकूम तिथंच दिला. आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"म्हंजे पाऊस गेला, शेतीवाले गेले," ती हळूच म्हणाली, "अन् आमी ऱ्हायलो."

संध्याकाळी मुंजाजी कळप घेऊन नेहमीसारखा टेकाडावरून निघाला. आत्या दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली. आनंदानं तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अवं, पायताण काढा आदी," ती म्हणाली, "आपल्याच अंगणातून चालले तुमी."