आईच्या खाटेजवळचं बिल्ड

आई अंगणात पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत वेबसाइटचा कोड लिहीत होते. नांदेडला ऑपरेशन करून तिला हट्ट्याला, गावच्या घरी आणलं. वडील गेलेले, भावंडं नाहीत. रजा संपत आली तसं मी साहेबांना विनवलं, की काही दिवस इथूनच काम करू द्या. त्या काळी घरून काम म्हणजे घरी बसून पगार खाणं, असंच सगळ्यांना वाटायचं. "बघू," साहेब म्हणाले. माझं आईपाशी राहणं त्या 'बघू'वर होतं.

इंटरनेटचं डेटा कार्ड घरात एकाच जागी चालायचं, आईच्या खाटेजवळच्या खिडकीत. लांब वायर लावून मी ते गजाला बांधून ठेवलं होतं. आईला भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, "हे काय बांधलं गं? नजरेचं हाय का?" मी हो म्हणून मोकळी व्हायचे.

मी कोड लिहायचे तो आयडीई नावाच्या प्रोग्राममध्ये. जरा चुकलं की तो लाल रेघ ओढायचा, खडूस मास्तरासारखा. वेबसाइटचा सांगाडा फ्रेमवर्ककडून तयार मिळायचा. आणि हे सगळं जुळवून शेवटी चालणारी वस्तू बांधून द्यायचं ते बिल्ड टूल. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोणकोणत्या लायब्रऱ्या, म्हणजे कोडचे तयार गठ्ठे, लागतात, ते टूलच्या फाईलमध्ये सांगायचं. मग ते इंटरनेटवरून त्या आपोआप आणतं. पुण्यात हे काम चहा होईपर्यंत उरकायचं. हट्ट्यात टूल अर्ध्यावरच मान टाकायचं.

म्हणून मी टूलचा नादच सोडला. जवळच्या वसमतच्या नेट कॅफेतून हवी ती लायब्ररी पेन ड्राइव्हवर आणायची, आयडीईत हातानं जोडायची आणि लाल रेघा गेल्या की खूश व्हायचं. शेजारणीकडून भिंतीवरून वाटीभर साखर घ्यावी, इतकं ते सहज होतं. साखर मागून आणली हे कुणी गावभर सांगत नाही. मीही टूलला सांगितलं नाही.

मी पाठवलेला कोड पुण्यात बांधायला घेतला आणि बिल्ड कोसळलं. साहेबांचा फोन आला. "तुमच्याकडे चालतंय आणि आमच्याकडे नाही, असं कसं?"

चूक लगेच कळली. हातानं जोडलेल्या लायब्रऱ्या फक्त माझ्या आयडीईला माहीत होत्या. त्या मी टूलच्या फाईलमध्ये लिहिल्या, पण साहेबांचा विश्वास उडाला होता. "कोऱ्या मशीनवर होईल तसं सगळं नव्यानं उतरवून बिल्ड करा," ते म्हणाले. "आज संध्याकाळपर्यंत तिथून झालं तर ठीक. नाहीतर सोमवारी ऑफिसात या."

आईनं ऐकलं होतं. "जा की मंग. मला काय झालंय?" म्हणत ती वॉकर धरून घाईघाईनं उभी राहिली.

"खाली बस तू!" मी खेकसले. भीती वाटली की मला आधी रागच येतो.

आधीच्या लायब्रऱ्यांचं फोल्डर मी बाजूला ठेवलं. पुसून टाकण्याइतकी काही मी शूर नाही. मग टूल चालू केलं. पडद्यावर ओळी सरकू लागल्या, एकेक लायब्ररी घरात येऊ लागली. मधेच लाइट गेली, पण लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती.

दुपारी शेजारच्या काकू आल्या आणि रोजच्यासारख्या खिडकीच्या कट्ट्यावर, वाऱ्याला बसल्या. काकूंचं अंग भरलेलं. त्यांनी गजांना, तिथं बांधलेल्या डेटा कार्डाला पाठ टेकली आणि ओळी थांबल्या. टूल रोज का मान टाकायचं, ते आत्ता कळलं. आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाला ऊठ म्हणायची आमच्याकडे सोय नाही.

आईच म्हणाली, "बाई, तिथून ऊठ. पोरीचं काम अडून राहिलं."

"काहून? मी काय केलं?"

"तुझ्या आडून ते येऊन राहिलं न्हाई."

काय येत नाही ते काकूंना कळलं नाही, पण त्या उठल्या आणि ओळी पुन्हा सरकू लागल्या. काकू रुसल्या मात्र नाहीत. दारात जाऊन बसल्या आणि नंतर आलेल्या प्रत्येकीला बाहेरूनच वाटेला लावू लागल्या. "आत जाऊ नका, पोरीचं कायतरी उतरून राहिलं." मला हसू आलं, आणि काकूंबद्दल फार माया वाटली.

ऊन कललं तेव्हा पडद्यावर शेवटची ओळ आली. बिल्ड झालं होतं. मी पुण्याला कळवलं, तिकडंही झालं. साहेब म्हणाले, "ठीक आहे. आई नीट चालायला लागेपर्यंत तिथूनच करा."

मी आईला सांगितलं. वाटलं, हसेल. तिनं वॉकर लांब सरकवला आणि अंग खाटेवर सोडून दिलं. ती पडल्यापासून डॉक्टरांनी, मी, गावातल्या बायांनी कितीदा विचारलं असेल, दुखतंय का म्हणून. तिचं उत्तर एकच असायचं, काही न्हाई.

"आता सांगते," ती म्हणाली. "लई दुखतंय गं. जवळ बस जरा."