कोळंबीची पाठवणी

बऱ्हाणपूर स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत तीन नारळ, कोकमं आणि घरचा मसाला होता. जावयाने, भूषणने, बहादरपूरला केळीच्या मळ्यात तळं खणून झिंगा (आपली गोड्या पाण्यातली कोळंबी हो!) सोडला होता. आज पहिली काढणी. ती पाहून यंदाच्या आंब्याचे पैसे त्यात घालायचे की नाही ते मी ठरवणार होते. आता अलिबागची बाई कोळंबी नुसती बघून ठरवते का? चाखायला नको?

वाटेत भूषणने मावा जिलेबी खाऊ घातली. काळपट, जाडजूड, पाकाने थबथबलेली. दोन खाल्ल्यावर मी तिथेच पैसे द्यायला तयार झाले होते.

तळ्यावर पोचलो आणि बघते तर काय, जत्रा! गावातली माणसं कणकेचे गोळे पाण्यात टाकत होती. तापीच्या घाटावर माशांना गोळे घालून पुण्य जोडायची इथली रीत. घाट लांब, तळं जवळ, म्हणून माझ्या विहीणबाईंनी इथेच सुरुवात केली आणि त्यांच्यामागे अख्खं गाव लागलं. बर्फाचा टेम्पो उभा, जाळं तयार, आणि विहीणबाई काठावर मांडी ठोकून बसलेल्या.

"जाळं टाकशील तर पहिले मले टाक पाण्यात," त्या लेकाला म्हणाल्या. "ज्याइले रोज हातानं घास टाकला, त्याइले मारायचं?"

"मम्मी, बर्फ पिघलून राहिला ना!" भूषण रडकुंडीला आला. ही काढणी बुडाली तर तळं बुजवून पुन्हा केळी लावायची, असं वडिलांनी त्याला बजावलेलं.

"पिघलू दे."

माझं डोकंच फिरलं. एवढ्या लांबून मसाला वाहून आणला तो काय वास घ्यायला? मी फणकाऱ्याने म्हणाले, "विहीणबाई, मीही माझ्या लेकीला हाताने भरवलं. म्हणून काय घरात ठेवून घेतली? तुमच्याकडे पाठवलीच ना?"

शेजारी उभी असलेली माझी सुलभा माझ्याकडे बघतच राहिली. विहीणबाईंनी पदर सावरला. मग सावकाश उठल्या. "हाव, ते बी खरं. पण मंग रीतीनं पाठवू."

झालं! जाळं पडलं आणि कोळंबीच्या क्रेटमागून क्रेटला हळदकुंकू. ओटीत तांदूळ, आणि माझे तिन्ही नारळ! बाया डोळे पुसतायत, टेम्पोवाला नवरदेवासारखा अवघडून उभा. टेम्पो निघाला तशा विहीणबाई हमसून रडल्या.

"यांचं सासर कुठे आहे ते ठाऊक आहे ना?" मी हळूच विचारलं.

"मी काय पागल आहे का?" त्या नाक पुसत म्हणाल्या. "पोराचं तळं बुजलं असतं. पण रडू तर येतंच ना."

जेवायला वांग्याचं भरीत होतं. छान होतं, उगाच खोटं कशाला बोलू! मसाला मात्र पिशवीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी बर्फ भरलेला डबा हातात दिला. झाकणावर हळदीचं बोट. "या तुमच्यासंगं पाठराखिणी," म्हणाल्या.

घरी येऊन नारळ विकत आणला (कोकणात! कोणाला सांगू नका) आणि कालवण केलं. पहिला घास तोंडाशी नेला आणि डोळे भरून आले. तसंच रडत रडत पातेलं चाटूनपुसून संपवलं. मग जावयाला फोन लावला.

"पैसे पाठवते. कणकेचे गोळे तेवढे बंद करा, पाणी नासतं. आणि भूषण, सुलभाला दे जरा फोन."