फाईल बाईच्या नावानं

दवाखान्यात काम करणाऱ्या बाईकडं किस्से कसे साठतात, ते तुम्हाला सांगून पटायचं नाही. घरी सांगावं तर सासू म्हणते, "लाज कशी वाटत न्हाई?" न सांगावं तर पोटात दुखतं. म्हणून इथं लिहिते. नावं सांगणार नाही, एवढं मॅडमनी बजावलंय.

मी सातवी शिकले. पाथर्डीत ज्या मॅडमकडं मूल राहत नसलेली जोडपी येतात, त्यांच्याकडं कामाला आहे. वय सत्तावीस, पण सगळे मला मावशीच म्हणतात. झाडलोट करायची, चहा आणायचा, आणि पुरुषांच्या तपासणीची डबी त्यांच्या हातात द्यायची. डबी घेताना निम्मे पुरुष पंख्याकडं बघतात, निम्मे मोबाईलमध्ये.

माझंही तेच दुखणं आहे. आरोही पाच वर्षांची झाली. दुसऱ्यासाठी तीन वर्षं झाली, काही होत नाही. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, गर्भनळ्यांचा फोटो काढताना तर डोळ्यापुढं अंधारी आली. आता मॅडम म्हणतात, भूल देऊन पोटात दुर्बीण घालून बघावं लागेल. "पण आधी नवऱ्याचा रिपोर्ट. तो बघितल्याशिवाय मी तुला टेबलावर घेणार नाही." मी त्या भुलीतून उठलेच नाही तर आरोहीचं काय, हे एकच डोक्यात फिरतंय. आणि आरोहीचे पप्पा डबीचं नाव काढलं की टेम्पोची किल्ली शोधायला लागतात.

*

मॅडम प्रत्येक पुरुषाला दोन गोष्टी सांगतात. एक, गरम चहा, गरम भाजी प्लास्टिकमध्ये घेऊ नका. उष्णतेनं त्यातली रसायनं थोडी थोडी खाण्यात उतरतात, अंगातल्या हार्मोनचा घोळ करतात, आणि पुरुषाच्या बीजावर त्याचा परिणाम होऊ शकतो. दोन, पोट कमी करा, कारण चरबी वाढली की पुरुषाचं हार्मोन घटतं. "सगळं खापर प्लास्टिकवरही फोडू नका," हेही सांगतात.

बेलापूरकडचे एक मास्तर मान हलवून हलवून ऐकत होते. म्हणाले, "मॅडम, आमच्या शाळेत प्लास्टिकबंदीवर दरवर्षी माझंच भाषण असतं."

नेमकी तेव्हाच मी आत गेले. हातात दोऱ्यानं तोंड बांधलेली पातळ पिशवी, पिशवीत उकळता चहा. मॅडमचा. मास्तरांनी पिशवीकडं बघितलं, मग मॅडमकडं. मॅडमनी माझ्याकडं.

"मावशी, हे रोज असंच आणता?"

"दोन वर्षं झाली मॅडम. तुम्हाला कपात ओतल्यावरच दिसतो."

दुसऱ्या दिवशी स्टीलची किटली आली. मास्तर मात्र त्याच दुपारी समोरच्या हॉटेलातून तसलीच पिशवी भरून घेत होते. त्यांची बायको म्हणाली, "अहो, तुमचं भाषण?"

"ते शाळंत असतं," मास्तर म्हणाले.

*

ऊसतोडीचा एक मुकादम आला. आधी पोट दारातून आत आलं, मग तो. बायको मागं, फाईल छातीशी धरून. वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं तर खिशातले दोन मोबाईल काढले, किल्ल्या काढल्या, शेवटी चपलाही काढल्या. काटा एकशे दहाच्या खाली यायला तयार नाही.

"मावशी, माझ्या हाताखाली दीडशे कोयते हायत," तो मला म्हणाला. कोयता म्हणजे तोडीला जाणारी नवराबायकोची जोडी. "मी नुसता आवाज दिला की फडात मान्सं उभी ऱ्हात्यात. मला काय तपासायचं?"

तपासलं. आमचे लॅबवाले भाऊ इथलेच, त्यांचे आईबाप तोडीला जायचे. मायक्रोस्कोपवरून डोळा काढून ते म्हणाले, "मुकादम, फडात नुसतं पाचट दिसतंय. मानूस एक न्हाई."

मुकादमानं बराच विचार केला आणि म्हणाला, "नीट बगा. जेवायच्या सुट्टीवर असत्याल."

त्याची बायको फाईलमागं तोंड लपवून हसली. तीन महिने येतेय ती आमच्याकडं, तिचे दात त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

*

आमच्याकडं फाईल बाईच्याच नावानं निघते. पुरुषाचा रिपोर्ट आला तरी तिच्याच फाईलला टाचायचा. ही पद्धत कुणी पाडली माहीत नाही, पण बाईनं पाडलेली नसणार.

श्रीगोंद्याकडच्या एका सासूनं फाईल घरी नेली आणि दहावीतल्या पुतणीकडून वाचून घेतली. वर नाव सुनेचं. आत लिहिलेलं, काउंट कमी, हालचाल मंद. मग काय, सुनेला डिंकाचे लाडू सुरू. बदाम सुरू, म्हशीचं दूध सुरू. हालचाल मंद म्हणून रोज सकाळी गावाबाहेरच्या देवळापर्यंत चालायला पाठवायची. आणि ज्याचा रिपोर्ट, तो गडी पारावर बसून कुरकुरे खातोय.

दोन महिन्यांनी आले तर सून टुणटुणीत. मॅडमनी कपाळाला हात लावला. सासूला समोर बसवून सांगितलं, "आजी, हा कागद तुमच्या मुलाचा आहे."

"आँ? म्हंजी लाडू वाया गेले?"

सून बाहेर आल्यावर मी तिला कोपऱ्यात घेतली. म्हटलं, "तुला तर माहीत होतं ना गं, मग बोलली का न्हाईस?"

ती म्हणाली, "मावशी, लग्नाला सहा वर्षं झाली. पहिल्यांदा कुनी लाडू दिले. कशाला बोलू?"

*

दुसऱ्यांचं सांगितलं, आता घरचं.

आरोहीच्या पप्पांची पाण्याची प्लास्टिकची बाटली टेम्पोच्या काचेपुढं दिवसभर उन्हात तापते, आणि तेच पाणी ते पितात. वर दोन वडापाव, एक कोल्ड्रिंक. लग्नातला सफारी आता त्यांच्या एका मांडीलाच पुरेल. आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज ताटावर तूप ओतत म्हणतात, "लई वाळलाय माझा लेक."

मॅडमनी स्वतः त्यांना फोन केला. हे म्हणाले, "मॅडम, मला पोरगी हाय की. म्हंजी माझी गाडी चालू हाय."

"पाच वर्षांपूर्वीचा सातबारा आज तलाठी तरी चालवून घेतो का?" मॅडम म्हणाल्या.

लगेच ह्यांच्या फोनची रेंज गेली. पाथर्डीच्या बाजारात, टॉवरच्या खाली उभं राहून रेंज नाही.

*

शेवटी मॅडमनी सोमवार दिला. "दोघं या. त्याचा रिपोर्ट तासाभरात होतो. तो बघून तुला आत घ्यायचं की नाही ते ठरवू." घरी मी एवढंच सांगितलं की माझ्या ऑपरेशनला ह्यांची सही लागते. सहीला हे लगेच तयार झाले. आत्याबाईही आल्या.

मी रात्रीपासून उपाशी. अंगात हिरवा झगा, हाताला सुई लावलेली. त्या दिवशी डबी द्यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून झग्यावरच डबी घेऊन दाराशी उभी होते.

मॅडमनी पहिला कागद पुढं केला. माझा. भूल देताना जिवाला धोका होऊ शकतो, असं त्यावर छापलेलं असतं. ह्यांनी वाचला नाही. "कुठं करू?" म्हणाले आणि सही ठोकली.

मॅडमनी दुसरा कागद पुढं केला. ह्यांच्या तपासणीचा. चार ओळींचा.

तो ह्यांनी वाचला. पुन्हा वाचला. उलटा करून मागची कोरी बाजू बघितली. मग पेन टेबलावर ठेवून म्हणाले, "आईला विचारून येतो."

आत्याबाई बाहेर बाकावरच होत्या. हे त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "आई, माझी बी तपासनी करायची म्हनत्यात."

"भूल देत्यात का रं?"

"न्हाई."

"सुई टोचत्यात?"

"न्हाई."

"फाडत्यात कुठं?"

"न्हाई गं."

"मंग काय करत्यात?"

हे पंख्याकडं बघायला लागले. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. झगा बघितला, हाताची सुई बघितली, मग हातातल्या डबीवर त्यांची नजर बराच वेळ थांबली. चार लेकरं झालेली बाई ती.

"मंग मला काय इचारतो?" त्या म्हणाल्या. "मी येऊ व्हय संगं?"