मयुरीचे उपास

"हिचे उपास बंद. आजच अ‍ॅडमिट करा," ईसीजीचा कागद बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ब्रॅडिकार्डिया आहे, म्हणजे हृदय फार सावकाश चालतंय. आजाराचं नाव अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा."

मयुरी माझी मुलगी, सतरा वर्षांची. आमचं मुलुंडचं घर मासे खाणारं. सोमवार, गुरुवार, शनिवार मासे नाहीत, एवढाच आमचा नेम. तिने नवरात्राचे नऊ दिवस धरले. मग सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. मी घाटकोपरच्या जावेला, सुचिताला, फोन करून मयुरीचे उपास मुद्दाम सांगायचे, कारण तिच्या लेकीचा उपास दुपारीच सुटायचा. मला मयुरीचा हेवाही वाटायचा. माझं वजन रोज चालूनही हलत नव्हतं आणि तिला माझ्या लग्नाआधीचे ड्रेस सैल होत होते. केस गळले, पाळी थांबली. मी म्हटलं, बारावीचा ताण.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. यात भूक मरत नाही, वजन वाढण्याची भीती भुकेपेक्षा मोठी होते. हे नखरे नाहीत. शरीर स्वतःचे स्नायू वापरू लागतं, त्यात हृदयही आलं. आणि एकदम भरपूर खायला घालणंही धोक्याचं. त्याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात, रक्तातले क्षार अचानक घसरतात. म्हणून रोज रक्ततपासणी आणि आहार हळूहळू वाढवायचा.

हॉस्पिटलमध्ये दोन दिवस मयुरीने माझ्यासमोर काही खाल्लं नाही. मी विनवलं, मग ओरडले. तिसऱ्या दिवशी सुचिता आली. शेजारच्यांच्या कुत्र्याने तिच्या नवऱ्याची चप्पल कशी पळवली ते सांगत बसली. मी रिपोर्ट घेऊन परतले तर मयुरीने वाटीभर मऊभात संपवत आणला होता.

आनंद व्हायला हवा होता. माझं अंग जळलं.

"काकीच्या हातचं चालतं वाटतं," मी बोलून गेले.

मयुरीने चमचा खाली ठेवला. "काकी माझ्या ताटात बघत नाही, आई. तू घास मोजतेस."

"वहिनी, तुम्ही जरा बाहेर थांबा ना," सुचिता म्हणाली. धाकटी जाऊ, आणि मला बाहेर काढते. मी कॉरिडॉरच्या बाकड्यावर बसले. पाच मिनिटांनी आत पुन्हा वाटीवर चमचा वाजला.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवसातून सहा वेळा कुणीतरी शेजारी बसून खाऊ घालायचं. वजन पुन्हा घसरलं तर नाकातून नळी. मग विचारलं, "ती कुणाबरोबर जेवते?"

मी सुचिताचं नाव सांगितलं. तेवढं बोलायलाही मला वेळ लागला.

मयुरी घाटकोपरला गेली. मी दर रविवारी जाते, सगळ्यांबरोबर जेवते, नजर माझ्या पानात ठेवते. वजन हळूहळू वाढतंय. एका आठवड्यात कमीही झालं होतं. समुपदेशन चालू आहे, पुढे बराच काळ चालेल.

तुमच्या घरातलं कुणी उपासाच्या नावाखाली आटत चाललं असेल तर कौतुक थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. ते दुसऱ्या कुणाबरोबर जेवत असेल तर जेवू द्या. जळणं आपलं आपण सोसायचं.

गेल्या रविवारी मयुरी म्हणाली, "आई, अजून महिनाभर इथेच राहू?"

मी "राहा" म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन सुचिताला म्हणाले, "तुझ्यामुळे माझी पोर वाचली." माझ्याकडे न बघता तिने पोळपाट पुढे सरकवला. पोळ्या मी लाटल्या.